धाव कुणाची, भाव कुणाचा

सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात शनिवारी बारसं, वास्तुशांत, सत्यनारायण असलं काही ठेवायचं नाही, हे ॲन आर्बरच्या मराठी घरांना कुणी शिकवावं लागत नाही. मिशिगन विद्यापीठाचा फुटबॉल सामना घरच्या मैदानावर असला की मेन स्ट्रीटवरून गाडी काढणं मुश्कील. पायोनियर हायस्कूलचं आवार आणि जवळचं गोल्फचं मैदान पार्किंगला जातं. स्टेडियम १९२७ सालचं, आसनं १,०७,६०१. पण बराचसा भाग जमीन खणून खाली बांधलेला असल्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला त्याच्या आकाराचा पत्ता लागत नाही. गावाचा आठवडा त्या शनिवारी संपतो. माझा आठवडा त्याच सामन्याच्या टेपने सोमवारी सुरू होतो.

मी संख्याशास्त्र शिकायला इथे आले आणि शिक्षण संपल्यावर एका लहानशा कंपनीत लागले. कॉलेजच्या खेळाडूंची बारीकसारीक नोंद करून ती व्यावसायिक संघांना पुरवायची, हा आमचा धंदा. माझ्या वाट्याला रनिंग बॅक आले. रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणारा गडी. अमेरिकन फुटबॉलमध्ये संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकावं लागतं. सरकले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. यार्ड म्हणजे मीटरपेक्षा थोडं कमी. रनिंग बॅकची सगळी कमाई या यार्डांत मोजली जाते, आणि त्या मोजणीवर शंका घेण्याचा मला पगार मिळतो.

व्यावसायिक संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात तो ड्राफ्ट हा प्रकार लांबून आयपीएलच्या लिलावासारखा वाटतो, पण हिशोब वेगळा आहे. आयपीएलमध्ये पैशांची बोली लागते. इथे ३२ संघ ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू उचलतात आणि सात फेऱ्या चालतात. २०११च्या करारापासून नव्या खेळाडूचा पहिल्या चार वर्षांचा पगार तो कितव्या क्रमांकावर उचलला गेला यावरच जवळपास ठरून जातो. शाळा सोडून तीन वर्षं झाल्याशिवाय ड्राफ्टमध्ये नाव घालता येत नाही, आणि घातल्यावर कुठल्या संघाने आपल्याला घ्यावं यात खेळाडूचा शब्द चालत नाही. म्हणून ‘कितवा जाईल?’ या एका प्रश्नात पोराचं गाव, पगार आणि पुढची चार वर्षं सगळं आलं.

८ जानेवारी २०२४ला मिशिगनने ह्यूस्टनमध्ये वॉशिंग्टनला ३४-१३ असं हरवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं. त्या सामन्यात मिशिगनचा रनिंग बॅक ब्लेक कोरम याने १३४ यार्ड धावून दोन टचडाउन केले होते, म्हणजे दोनदा चेंडू गोललाइनपलीकडे नेला होता. लगेच संक्रांत आली. हळदीकुंकवाला जमलेल्या बायकांच्या नवऱ्यांना तिळगुळाबरोबर दुसरा विषय नव्हता, आणि ड्राफ्ट तर एप्रिलमध्ये डेट्रॉईटलाच, म्हणजे गाडीने पाऊण तासावर. आमच्या ओळखीतले एक काका, ज्यांच्याकडे वर्षानुवर्षं सीझन तिकिटं आहेत, त्यांनी मला कोपऱ्यात गाठलं.

“काय गं, तुझं तर हेच काम. कोरम पहिल्या फेरीत जाणार ना?”

“नाही काका. दुसरी संपता संपता, नाहीतर तिसरी.”

“काहीतरीच काय! अठ्ठावन्न टचडाउन आहेत त्याचे धावून. या विद्यापीठात आजवर कुणाचे नाहीत.”

“खरंय. पण त्यातले कितीतरी गोललाइनच्या दोन-तीन यार्डांवरून आलेत.”

“आणि ते सोपं असतं होय?”

काकांचा हा शेवटचा प्रश्न रास्त होता. गोललाइनवर बावीसच्या बावीस माणसं चार पावलांच्या जागेत कोंबलेली असतात आणि चेंडू कुणाकडे येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिथून आत घुसणं हे कसबच. पण चेंडू तिथवर पोचवला कुणी, आणि तिथे पोचल्यावर कोरमलाच दिला कुणी, हे टचडाउनच्या आकड्यात दिसत नाही.

नोकरीला लागले तेव्हा माझ्या शेजारी बसणारे वरिष्ठ एका शाळेच्या संघाला बरीच वर्षं शिकवून निवृत्त झालेले होते. त्यांनी मला पहिल्याच दिवशी चेंडूकडे बघायला मनाई केली. “आधी गार्ड बघ, मग लाइनबॅकर बघ, पळणारा सगळ्यात शेवटी बघ.” टीव्हीवर कॅमेरा चेंडूच्या मागे धावतो, म्हणून टीव्हीवर रनिंग बॅक नेहमी नायक दिसतो. आम्ही वापरतो त्या टेपमध्ये दोनच कोन असतात, एक बाजूने आणि एक गोलच्या मागून, आणि दोन्हींत बावीस जण दिसतात. गोलच्या मागचा कोन लावला की धाव उलगडते. पाच धिप्पाड माणसांची ओळ समोरच्यांना रेटते, कधी त्या ओळीतला एक गार्ड आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावत जातो, आणि एक फट पडते. ती फट अर्धा-पाऊण सेकंद उघडी राहते.

त्या अर्ध्या सेकंदाची आम्ही नोंद करतो. चेंडू हातात आला तेव्हा समोर किती माणसं उभी होती, पहिला धक्का कुठे बसला, रेषेच्या मागे की पुढे, धक्क्याआधी किती यार्ड मिळाले आणि धक्क्यानंतर किती, किती जणांचे टॅकल हुकवले. हुकवले तेही अंगाने की पावलाने. आखलेली वाट कुठली होती, उघडलेली कुठली, आणि पठ्ठ्याने निवडली कुठली. धक्क्याआधीचे यार्ड मी मनातल्या मनात ओळीच्या खात्यावर टाकते आणि धक्क्यानंतरचे पळणाऱ्याच्या. हा हिशोब पूर्ण खरा नाही, कारण चांगला रनिंग बॅक आधी एका बाजूला दोन पावलं दाबून समोरच्या बचावफळीतल्या लाइनबॅकरला तिकडे ओढतो आणि मगच वळतो. त्याने फसवलेल्या माणसामुळे फट मोठी झाली, तर ते यार्ड कुणाचे? तिथे खूण करताना आमच्या टेबलावर वाद होतात.

कोरमच्या बाबतीत हा वाद जास्तच होता, कारण त्याच्या पुढची ओळ ऐरीगैरी नव्हती. देशातल्या सर्वोत्तम ऑफेन्सिव्ह लाइनला, म्हणजे अशा ओळीला, ‘जो मूर’ नावाचा पुरस्कार मिळतो. तो मिशिगनच्या ओळीने २०२१ आणि २०२२ अशी लागोपाठ दोन वर्षं घेतला होता. त्याच ओळीच्या मागे २०२१ साली हसन हॅस्किन्सने ओहायो स्टेटविरुद्ध १६९ यार्ड आणि पाच टचडाउन केले आणि तरी पुढच्या एप्रिलमध्ये तो चौथ्या फेरीत, १३१वा गेला. पुढच्या वर्षी डोनोवन एडवर्ड्सने, हाताला प्लास्टर असताना, त्याच ओहायो स्टेटविरुद्ध २१६ यार्ड काढले. त्यातल्या दोन धावा ७५ आणि ८५ यार्डांच्या होत्या. टीव्हीवर त्या बघताना अंगावर काटा येतो. टेपवर बघितलं की दुसरी गोष्टही दिसते. ओहायो स्टेटने धाव रोखण्यासाठी जवळजवळ सगळी माणसं पुढे आणून जुगार खेळला होता आणि मागे राखणीला कुणी उरलंच नव्हतं. पहिली रांग ओलांडली की समोर मोकळं रान. एडवर्ड्सचा वेग त्याचा स्वतःचा, पण ते रान समोरच्यांनी आंदण दिलेलं.

एक धाव मी नव्या मुलांना मुद्दाम दाखवते. २५ नोव्हेंबर २०२३, ॲन आर्बर, पुन्हा ओहायो स्टेट. तिसऱ्या सत्रात बरोबरी असताना मिशिगनचा उजवा गार्ड झॅक झिंटर याच्या पायाची दोन्ही हाडं मोडली. त्याला गाडीवरून बाहेर नेलं. उजवा टॅकल, म्हणजे ओळीच्या टोकाचा गडी, कार्सन बार्नहार्ट आत सरकून गार्डच्या जागी आला आणि त्याच्या जागी ट्रेंटे जोन्स उतरला. लगेच पुढच्या खेळीत कोरम २२ यार्ड धावून थेट आत गेला आणि त्याने बोटांनी सहा आणि पाच अशी खूण केली, कारण झिंटरचा नंबर ६५. स्टेडियम वेडं झालं, आणि व्हायलाच हवं होतं. आमच्या नोंदीत मात्र तिथे ‘ओळीत बदल’ अशी साधी खूण आहे. नवी मुलं विचारतात, या खुणेचा उपयोग काय? उपयोग असा, की ती उजवी बाजू त्या सामन्यात अशी एकत्र उभी राहिली नव्हती, आणि तरी फट पडली, आणि कोरमने ती चुकवली नाही. मोसमभरातल्या अशा खुणा चाळल्या की तोच गडी वेगवेगळ्या माणसांच्या मागे कसा धावतो याचा थोडाफार अंदाज बांधता येतो.

याहून चांगला प्रयोग कधीकधी खेळाडू स्वतःच करून देतात. झॅक शार्बोने दोन वर्षं मिशिगनला खेळला आणि मग कॅलिफोर्नियात यूसीएलएला गेला. तिथे दोन मोसमांत त्याने ११३७ आणि १३५९ यार्ड केले आणि २०२३ साली दुसऱ्या फेरीत, ५२वा गेला. ओळ वेगळी, प्रशिक्षक वेगळा, पळण्याची ढब तीच. अशा खेळाडूचा अहवाल लिहिताना हात थरथरत नाही. कोरम चारही वर्षं एकाच जागी राहिला. निष्ठा म्हणून कौतुकाची गोष्ट, पण अहवाल लिहिणाऱ्याच्या दृष्टीने अवघड.

टेपनंतर येतं शरीर. फेब्रुवारीच्या शेवटी निवडक खेळाडू इंडियानापोलिसला कॉम्बाइनसाठी जातात आणि मार्चमध्ये विद्यापीठात प्रो डे होतो. उंची, वजन, हाताच्या पंजाची लांबी, ४० यार्डांची धाव, उभ्या उभ्या उडी, तीन शंकूंच्या भोवती वळणं, १०२ किलोचा बार छातीवरून किती वेळा उचलतो. कोरम ५ फूट ८ इंचांना जेमतेम, वजन २०५ पौंड म्हणजे ९३ किलो. बार त्याने २७ वेळा उचलला, तीन शंकूंची फेरी ६.८२ सेकंदांत मारली, आणि ४० यार्डांना ४.५३ सेकंद घेतले.

रनिंग बॅकच्या बाबतीत उंची कमी असली तर फारसं बिघडत नाही. बुटका माणूस ओळीमागे दिसेनासा होतो आणि जमिनीलगत असल्यामुळे ढकलून पडत नाही. वेगाचं मात्र तसं नाही. वजनाच्या मानाने वेग जोखायला बिल बार्नवेल या लेखकाने काढलेलं एक सोपं सूत्र आहे. वजनाला २०० ने गुणायचं आणि ४० यार्डांच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागायचं. १०० च्या आसपास आलं की सर्वसाधारण. कोरमचं गणित मी मांडलं तर ९७ येतं. म्हणजे वाईट नाही, पण डोळे दिपावेत असंही नाही. त्याच ड्राफ्टमधल्या बकी अर्व्हिंगचं मांडलं तर ९० च्या खाली. तो चौथ्या फेरीत १२५वा गेला आणि टँपा बेसाठी पहिल्याच मोसमात ११२२ यार्ड धावला. सूत्र निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही. ते मोकळ्या मैदानाबद्दल बोलतं, आणि रनिंग बॅकच्या बहुतेक धावा मोकळ्या मैदानापर्यंत पोचतच नाहीत.

हे ज्याला सगळ्यात चांगलं माहीत असावं तो माणूस कोरमचाच प्रशिक्षक होता. माइक हार्ट २००४ ते २००७ मिशिगनला खेळला आणि ५०४० यार्ड धावला. हा विद्यापीठाचा विक्रम कोरमलाही मोडता आला नाही. हार्टच्या हातून चेंडू क्वचितच प्रतिस्पर्ध्यांच्या हवाली झाला. पण ४० यार्डांना त्याला ४.६ सेकंदांच्या वर लागले आणि २००८ साली तो सहाव्या फेरीत, २०२वा गेला. इंडियानापोलिसकडून तीन मोसम थोडंफार खेळला आणि थांबला. मी नॉर्थ कॅम्पसवरच्या बेंटली ग्रंथालयाच्या जुन्या आकडेवाऱ्या चाळल्या आहेत. हार्टच्या धावांत लांब धावा कमी आणि तीन-चार-पाच यार्डांच्या धावांची रांग लांबलचक. पगार मिळतो लांब धावांना, आणि सामने जिंकले जातात त्या चार-चार यार्डांवर.

टेप झाली, शरीर झालं. मग येतो तो प्रश्न जो दुसऱ्या कुठल्याही जागेच्या खेळाडूबाबत इतका टोकाचा नसतो: यातलं शिल्लक किती? पास टाकणारा क्वार्टरबॅक जितका जास्त खेळेल तितका शहाणा होतो. रनिंग बॅक जितका जास्त धावेल तितका झिजतो. प्रत्येक धावेच्या शेवटी त्याला कुणीतरी आपटतं. कोरम मिशिगनसाठी ६७५ वेळा चेंडू घेऊन धावला, त्यातले २४७ वेळा २०२२ मध्ये आणि २५८ वेळा २०२३ मध्ये. मला खात्रीने काही सांगता यावं म्हणून त्याने भरपूर धावायला हवं, आणि तो जितका भरपूर धावतो तितकं संघाला विकत घ्यायला कमी उरतं. या कामातला हा पेच कुठल्याही सूत्राने सुटत नाही. माझा पुरावा त्याच्या गुडघ्यातून येतो.

मिशिगनच्या इतिहासात याचे दाखले आहेत. टिम बियाकाबुटुकाने १९९५ साली ओहायो स्टेटविरुद्ध एका सामन्यात ३१३ यार्ड काढले, त्या मोसमात १८१८, आणि पुढच्या वर्षी कॅरोलायनाने त्याला ८वा उचलला. क्रिस पेरीला २००३ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्धच्या एका सामन्यात ५१ वेळा चेंडू दिला गेला. एका दुपारी ५१ वेळा. पुढच्या एप्रिलमध्ये सिनसिनाटीने तो पहिल्या फेरीत, २६वा घेतला. दोघांचीही व्यावसायिक कारकीर्द दुखापतींनी कुरतडली. त्या ५१ धावांमुळेच पेरीचं शरीर गेलं असं म्हणायला माझ्याकडे आधार नाही आणि मी ते म्हणणारही नाही. पण संघ आता धावा मोजतात, आणि त्या मोजणीचा भुर्दंड खेळाडूलाच पडतो.

कोरमचा पेच आणखी अवघड होता. २०२२चा मोसम त्याचा होता. १४६३ यार्ड, दर धावेला जवळजवळ सहा. नोव्हेंबरमध्ये इलिनॉयविरुद्ध डाव्या गुडघ्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली. ड्राफ्टला न जाता तो आणखी एक वर्ष राहिला. २०२३ मध्ये टचडाउन २७ झाले, विद्यापीठाचा एका मोसमाचा विक्रम, पण दर धावेचे यार्ड पाचच्याही खाली आले. आमच्या टेबलावर दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, गुडघ्याने वेग खाल्ला. दुसऱ्याचं म्हणणं, गोललाइनवरच्या धावाच इतक्या जास्त की सरासरी खाली येणारच. मला दोन्हींत तथ्य दिसलं. मोकळ्या जागेत २०२२ची झेप दिसत नव्हती. पण गर्दीत पाय ठेवण्याची जागा शोधणं, एका पावलात दिशा बदलणं आणि टॅकल होतानाही पुढे पडून एक-दोन यार्ड जास्त काढणं, हे तसंच्या तसं होतं. रोझ बोलमध्ये अलाबामाविरुद्ध जादा वेळेत त्याला लागोपाठ दोनदा चेंडू दिला. आठ यार्ड, मग सतरा यार्ड, आणि मिशिगन अंतिम फेरीत.

एक गोष्ट प्रेक्षक कधीच बघत नाहीत आणि आम्ही न चुकता नोंदवतो. पास टाकण्याची खेळी असते तेव्हा रनिंग बॅकने क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या लाइनबॅकरला अडवायचं असतं. त्यासाठी चेंडू निघण्याआधीच त्याने ओळखायला हवं की कोण येणार आहे. मी त्याच्या हेल्मेटकडे बघते. मान आधी योग्य बाजूला वळली तर पोरगा अभ्यास करून आलाय. शेवटच्या क्षणी वळली तर क्वार्टरबॅकचं देव रक्षण करो. नव्या रनिंग बॅकला सुरुवातीला बाकावर बसावं लागतं ते बहुतेकदा या कारणाने. कोरम मोठ्या माणसाच्या अंगावर जायला कधी कचरला नाही, आणि अहवालात मी ते वरच्या ओळींत लिहिलं.

शेवटी बाजार. रनिंग बॅकचा भाव तोवर कित्येक वर्षं उतरत होता. खेळाचे नियम पास टाकणाऱ्याला सोयीचे होत गेले आणि संघांच्या लक्षात आलं की धावणारा स्वस्तातही मिळतो. २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने आयझाया पचेकोला सातव्या फेरीत २५१वा उचलला आणि त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे व्यावसायिक विजेतेपदाचा सामना, जिंकला. लॉस एंजेलिस रॅम्सने त्याच वर्षी कायरन विल्यम्सला पाचव्या फेरीत घेतलं होतं आणि दुसऱ्याच मोसमात तो ११४४ यार्ड धावला. २०२४च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. पहिला गेला टेक्ससचा जोनाथन ब्रूक्स, ४६वा, तोही गुडघ्याचा अस्थिबंध फाटलेला असताना. कारण त्याच्या धावा कमी होत्या, म्हणजे शिल्लक जास्त. डिसेंबरमध्ये तोच गुडघा पुन्हा गेला. दुसरा ट्रे बेन्सन, ६६वा. तिसरा ब्लेक कोरम, ८३वा, रॅम्सकडे, त्याच कायरन विल्यम्सच्या मागे उभं राहायला. दोनच क्रमांकांनंतर, ८५वा, क्लीव्हलँडने झॅक झिंटरला घेतलं. धावणारा आणि त्याला वाट करून देणारा, बाजाराने जवळजवळ एकाच पायरीवर बसवले. त्या वर्षीचा माझा सगळ्यात आवडता निकाल हाच.

या सगळ्यात एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचते. कॉम्बाइनमध्ये बहुसंख्य काळी तरुण मुलं अंगावरच्या मोजक्या कपड्यांत रांगेने उभी राहतात, कुणीतरी त्यांचे हात-पाय मोजतं आणि आकडे मोठ्याने सांगितले जातात. माजी क्वार्टरबॅक कॉलिन केपरनिकने २०२१च्या आपल्या टीव्ही मालिकेत याची तुलना थेट गुलामांच्या बाजाराशी केली, आणि त्यावर इथे मोठा गदारोळ झाला. खेळाडूंना कोट्यवधी मिळतात, ते स्वतःच्या मर्जीने येतात, हे उत्तर खोटं नाही. पण त्या रांगेतल्या बहुतेकांना कोट्यवधी मिळत नाहीत, आणि मर्जीही मर्यादित असते. कोरमला आणखी एक वर्ष थांबणं परवडलं याचं एक कारण असं, की २०२१च्या जुलैपासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात. त्याआधीच्या पिढीतल्या जायबंदी रनिंग बॅकपुढे फुकट धावणं किंवा स्वस्तात जाणं एवढेच पर्याय होते. मी त्या मोजणाऱ्यांच्याच बाजूला बसते, म्हणून अहवालात ‘शिल्लक’ हा शब्द लिहीत नाही. ‘कामाचा भार’ असं लिहिते. अर्थ तोच आहे हे मला कळतं.

२०२५चा एप्रिल आला तेव्हा काकांचा फोन आला.

“अगं, एडवर्ड्सला कुणी घेतलंच नाही? व्हिडिओ गेमच्या डब्यावर फोटो होता त्याचा!”

“हो काका. जेट्सने नंतर बोलावलंय त्याला.”

“आणि तो मलिंग्ज सहाव्या फेरीत! तो तर आधी लाइनबॅकर होता ना?”

“होता. म्हणूनच.”

काकांना हे पटलं नाही, पण त्यात कोडं काहीच नव्हतं. एडवर्ड्सच्या नावावर संपूर्ण शहराला पाठ असलेल्या धावा होत्या. राष्ट्रीय अंतिम सामन्यातच ४१ आणि ४६ यार्डांच्या दोन. पण २०२२ मध्ये दर धावेला सात यार्ड काढणारा हा गडी पुढच्या वर्षी चारावर आला, आणि ओळ बदलल्यावर २०२४ मध्येही फार वर गेला नाही. फट पडली तर तो भरारी मारत होता, पण फट नसताना तीन यार्ड उकरून काढणं त्याच्या टेपवर क्वचित दिसत होतं. कॅलेल मलिंग्जने २०२४ मध्ये, त्याच दुबळ्या झालेल्या ओळीमागे, ९४८ यार्ड आणि १२ टचडाउन केले. अंगाने तो दणकट, धावलेला कमी, आणि लाइनबॅकर राहिलेला असल्यामुळे टॅकल करण्याची सवय, म्हणजे बाकावरच्या खेळाडूला करावी लागणारी बाकीची कामंही येतात. टेनेसीने त्याला १८८वा घेतला. त्याच ड्राफ्टमध्ये ॲश्टन जेंटी सहावा गेला, कारण त्याआधीच्या मोसमात सेक्वॉन बार्कलीने फिलाडेल्फियासाठी २००५ यार्ड धावून सुपर बोल जिंकला होता आणि बाजाराला रनिंग बॅक पुन्हा आवडू लागले होते. दोन एप्रिलांमध्ये माणसाच्या पायांत काही फरक पडला नव्हता, भावात मात्र पडला.

म्हणून मुलाखतीला येणारी मुलं जेव्हा विचारतात, ड्राफ्टमधला क्रमांक म्हणजे खेळाडू किती चांगला याचा निकाल ना, तेव्हा मी त्यांना हार्टचं उदाहरण देते. २०२१ ते २०२३ मिशिगनच्या रनिंग बॅकना त्यानेच शिकवलं. हॅस्किन्सचे ते पाच टचडाउन, एडवर्ड्सच्या त्या लांब धावा, कोरमचे ते २७, सगळे त्याच्या हाताखालचे. २००८ साली ३२ संघांनी त्याचे पाय मोजले आणि त्यांना २०२वा क्रमांक दिला. त्या मोजणीत चूक नव्हती, पाय खरंच तेवढेच होते. ज्या नजरेने तो चार-चार यार्ड शोधत होता ती नजर कुणी विकत घेतली नाही, कारण संघ चार वर्षांचा करार करतात आणि चार वर्षांत वापरून संपेल तेवढ्याचेच पैसे देतात. ड्राफ्टचा क्रमांक सांगतो तो एवढाच हिशोब. काकांनी कोरमला पहिल्या फेरीत बसवलं होतं, ते मात्र त्यांनी शनिवारी स्टेडियममध्ये बसून पाहिलेल्या खेळाला दिलेले गुण होते. त्या गुणांत मी खाडाखोड करत नाही.